हळदीकुंकवात उतरलेलं गंगाळ

सुनेची पहिली संक्रांत होती आणि आमचं गंगाळ आकाशात गटांगळ्या खात होतं. दोन्ही एकाच शनिवारी निस्तरायची वेळ माझ्यावर आली.

गंगाळ म्हणजे अवकाशयान. रीतसर नाव होतं त्याला, चांगलं लांबलचक संस्कृत. पण शर्वरीने पहिल्यांदा फोटो दाखवला तेव्हा मी म्हटलं, अगं, हे तर उपडं घातलेलं गंगाळ! तेव्हापासून विद्यानगरच्या आमच्या घरात ते गंगाळच झालं. आत माणूसबिणूस कोणी नव्हतं. वर पाठवायचं, थोडे दिवस पृथ्वीभोवती फिरवायचं आणि धड खाली आणून बंगालच्या उपसागरात उतरवायचं, एवढीच चाचणी. वर पाठवायला आता आपले लोक शिकलेत हो आई, शर्वरी म्हणायची, खरी मारामारी परत आणायची आहे.

आणि ते परत येणार होतं आमच्या शर्वरीच्या छत्रीवर.

शर्वरी माझी सून, पुण्याची. पुण्याची म्हटल्यावर मताची पक्की हे आलंच. आम्ही इथले, हैदराबादचे, निजामाच्या काळापासूनचे. सासरे वकील, हे सरकारी कचेरीत, मी शाळेत गणिताची बाई. आमच्या घरात नोकरी म्हणजे सरकारी, आणि ती एकदा लागली की पेन्शनपर्यंत कोणी हलायचं नाही. आणि ही पोरगी कामाला कुठे, तर नाचारमला एका पत्र्याच्या शेडमध्ये! उदय नावाच्या एका इंजिनियरने चांगली सरकारी नोकरी सोडून ही कंपनी काढली होती. आमच्या वेळी असं केलं असतं तर घरच्यांनी त्याला आधी डॉक्टरकडे नेलं असतं. पण ते दिवसच तसे होते. जो उठेल तो कंपनी काढत होता, आणि सरकारही बाहेरच्यांना कामं द्यायला लागलं होतं. तर उदयच्या शेडमध्ये बारा-चौदा माणसं मोठमोठ्या टेबलांवर केशरी कापड पसरून हवाई छत्र्या शिवत होती, घड्या घालत होती. गंगाळाची छत्री हे त्यांचं पहिलं मोठं काम.

आता माझा जीव कशात अडकला होता ते सांगते. माझ्या लेकाला, निखिलला, त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने न्यू जर्सीला बोलावलं होतं. पाच वर्षं म्हणाले. पाच वर्षांसाठी गेलेलं कोणी परत आलेलं मी तरी आमच्या गल्लीत पाहिलं नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. महिनाभर घरात तोच विषय. शेवटी एकदा जेवताना शर्वरीच म्हणाली, "गंगाळ नीट उतरलं तर उदयकडे पुढची कामं येतील. मग मी इथून हलणार नाही. बुडालं तर शेडला कुलूप. मग इथे माझ्यासाठी काय राहिलं? जाऊ आपण." निखिल नुसता 'हूं' म्हणाला. हे ताकाची वाटी तोंडाला लावून बसले. मी म्हटलं, भात वाढू का कोणाला?

देशाची इभ्रत, विज्ञानाची झेप, ते सगळं पेपरवाल्यांना लखलाभ. मला माझी पोरं घरात हवी होती. त्यासाठी गंगाळ उतरायला हवं होतं, बस्स.

त्या छत्रीत शर्वरीची एक डबी होती. तिच्यावरून तिने सहा महिने भांडण केलं होतं, म्हणून मला ती चांगली माहीत. यान खाली आलं की मोठी छत्री उघडायचा हुकूम आतलं घड्याळ देणार, असं सरकारी अवकाश खात्यातल्या मोठ्या मंडळींनी ठरवलं होतं. शर्वरी म्हणाली, घड्याळ बंद पडलं तर? ते म्हणाले, नाही पडत. ही म्हणाली, पडलं तर? शेवटी कंटाळून त्यांनी तिला एक डबी बसवू दिली. जेमतेम कुंकवाच्या करंड्याएवढी. आत पत्र्याची पातळ चकती. यान जसजसं खाली येतं तसतशी बाहेरची हवा दाट होत जाते, चकती दाबली जाते, आणि पाच किलोमीटर उंचीवर आलं की कळ बसून छत्री सुटते. तिला बॅटरी नको, घड्याळ नको. "उगाच वजन वाढवलंत मॅडम," असं त्या मंडळींतला एकजण तिला तोंडावर बोलला होता. त्या दिवशी ती घरी आली ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि माझ्या हातातली कणीक ओढून घेऊन स्वतः तिंबायला लागली. त्या रात्रीच्या पोळ्या मात्र फार मऊ झाल्या.

गंगाळ वर गेलं छान. चौथ्या दिवशी मात्र त्याने अंग टाकलं. एक बॅटरी गेली आणि ते गरागरा फिरायला लागलं. जमिनीवरून हुकूम देऊन देऊन मंडळींनी कसंबसं सावरलं. शुक्रवारी म्हणाले, आता ठीक आहे, शनिवारी सकाळी उतरवू. मी म्हटलं, वा! सकाळी गंगाळ, दुपारी हळदीकुंकू. देवाला पण सोय कळते.

कसलं काय! शनिवारी आम्ही पोह्यांना बसलो आणि उदयचा फोन आला. शर्वरीने ऐकून घेतलं, हौ हौ केलं, आणि फोन ठेवला. (हौ म्हणायला ती आमच्याकडे शिकली. पुण्याला हौ म्हटलं तर तिची आई अजून कपाळाला हात लावते.)

"घड्याळ बंद पडलं," ती म्हणाली. "दिशा नीट धरायला अजून वेळ लागणार. दुपारी चारनंतर उतरवतायत. खाली ढकलायचा हुकूम जमिनीवरून देतील, पण शेवटच्या टप्प्यात त्याच्याशी बोलता येत नाही. आधी छोटी छत्री हवेच्या हिसक्याने आपोआप सुटते, तिची काळजी नाही. मोठी छत्री..." आणि थांबली.

"डबी," निखिल म्हणाला.

"फक्त डबी," ती म्हणाली. "आणि ती इतके दिवस थंडीत गोठून पडलीय. तिकडे सगळ्यांनी आशा सोडल्यासारखंच आहे म्हणे."

निखिलने चहा संपवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ऑफिसला निघून गेला. शनिवार असून! मला असा राग आला म्हणून सांगू. बायकोचा जीव टांगणीला आणि हा चालला प्रोजेक्ट करायला.

"आई, हळदीकुंकू रद्द करू या का?" शर्वरीने विचारलं.

"नक्को!" मी म्हटलं. "तीस बायकांना बोलावणं गेलंय. आणि रद्द करून तू काय करणार? कोपऱ्यात बसून नखं खाणार. त्यापेक्षा कुंकू लाव. उदयला सांग, फोन इथेच कर म्हणावं."

तेव्हा दुपारी तिला काळी चंद्रकळा नेसवली, हलव्याचे दागिने घातले. हार, बिंदी, बाजूबंद, सगळं मी घरी केलेलं, एकेक दाणा काटेरी फुललेला. दिसत होती नक्षत्रासारखी, पण चेहरा असा की जणू परीक्षेचा निकाल लागायचाय. ह्यांना पेपर देऊन मागच्या गॅलरीत हद्दपार केलं. तीनच्या पुढे बायका यायला लागल्या. बडीचावडीच्या मालती अंबेकर, माझ्या शाळेतल्या दोघी-तिघी, शेजारच्या रमादेवी, आणखी कोण कोण. अत्तर, गुलाबपाणी, तिळाच्या वड्या, "गोड बोला", सगळं रीतसर चालू झालं. शर्वरी कुंकू लावत होती आणि नजर कपाटावरच्या मोबाईलकडे. दोघींना तर तिने कुंकू भुवईवर लावलं.

मालतीबाईंचं लक्ष बारीक. "सुशीलाताई," त्या हळूच मला म्हणाल्या, "सूनबाईंचा हार खालून संपत चाललाय."

बघते तर काय, पोरगी हारातला एकेक हलवा तोडून तोंडात टाकतेय! भान नाही. निम्म्या हाराचा नुसता दोरा लोंबत होता. आठवडाभर परातीत हलवत बसले होते मी त्या हलव्यासाठी. पण काय बोलणार? दुसऱ्या एखाद्या बाईने पान-तंबाखू खाल्ली असती.

आता वाण. मी स्टीलच्या वाट्या लुटणार होते. पण शर्वरी म्हणाली, चाचण्यांमध्ये बाद झालेलं छत्रीचं कापड पडून आहे, त्याच्या पिशव्या शिवून देऊ, कोणाकडे नसतील अशा. कल्पना मला पटली. कापड केशरी, झुळझुळीत. कोठी बाजारातल्या माझ्या टेलरकडे मीच नेऊन दिलं, मीच आणलं. बायका खूश. ओढून बघतायत, गालाला लावून बघतायत. "हेच का ते आकाशातलं?" "हेच, हेच."

आणि मालती अंबेकरांनी पिशवीचा बंद धरून हल्लू नाही, चांगला जोरात ओढला. कापड दणकट आहे का बघायला! टर्रकन शिवण उसवली. वरपासून खालपर्यंत.

शर्वरीच्या हातातून कुंकवाची कोयरी खाली. जमिनीवर लाल सडा.

"ही शिवण सुटली?" ती म्हणाली. "हाताने ओढून सुटली?"

मला तिच्या डोक्यात काय आलं ते लख्ख कळलं. शेडमध्ये याच कापडाला, याच दोऱ्याने, अशीच शिवण घातलेली. इथे एका बाईच्या हाताने सुटते, तर तिकडे त्या वेगात काय राहणार! ती कुंकवातून चालत आली, लाल पावलं उमटवत, आणि पिशवी मालतीबाईंच्या हातातून घेतली. शिवण डोळ्यांजवळ धरली. एक धागा ओढला, तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला.

"आई, हा दोरा कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"मी पांढरा दोरा दिला होता. जाड. रीळ दिलं होतं."

"तो होय! तो मी परत आणला," मी म्हटलं. "टेलर म्हणाला, त्याने सुया मोडतात. आणि केशरी कापडावर पांढरा दोरा कसा दिसेल? बाजूच्या मॅचिंग सेंटरमधून मी केशरी सुती दोरा घेऊन दिला. अगदी एकजीव रंग मिळाला."

शर्वरी माझ्याकडे बघत राहिली. मग असं हसू फुटलं तिला, असं हसू फुटलं, की खुर्ची धरून खाली बसली. "मॅचिंग!" म्हणते आणि हसते. "आई, मॅचिंग!" बायकांना काही कळेना. रमादेवी मला तेलुगूत काय झालं विचारतात, "एमैंदम्मा?" मी म्हटलं, काही नाही हो, दोरा चुकला. मला हसण्यासारखं त्यात अजूनही काही वाटत नाही. आकाशात जाणाऱ्या छत्रीला कोणी बघायला नसतं, पिशवीला तीस बायका असतात.

त्याच हसण्यात मोबाईल वाजला.

"खाली ढकललं," उदय म्हणाला. "मॅडम, फोन ठेवू नका." त्याच्या दुसऱ्या कानाला दुसरा फोन होता. त्यावरून कंट्रोल रूममधला कोणीतरी आकडे सांगत होता आणि उदय ते आम्हाला सांगणार होता. शर्वरीने स्पीकर लावून मोबाईल पाटावर, तबकाशेजारी ठेवला. बायका पाटाभोवती कोंडाळं करून बसल्या. मागच्या गॅलरीतून हेही आले, पण कोणी हाकललं नाही.

आधी खूप वेळ काहीच नाही. "आता ते आगीतून येतंय," शर्वरीने सांगितलं. "हवेशी घासून बाहेरून लालबुंद होतं. यात काही ऐकू येत नाही." रमादेवींनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. मी पण मनातल्या मनात कोपऱ्यावरच्या मारुतीला सांगितलं, बाबा रे, समुद्र ओलांडलास, गंगाळ काय मोठं तुला.

"दिसलं!" उदय ओरडला. "रडारवर आलं! छोटी छत्री सुटलीय. उंची आठ किलोमीटर, वेग सेकंदाला साठ मीटर."

टाळ्या पडल्या. शर्वरीने हात वर केला. "थांबा. हे काहीच नाही. या वेगाने पाण्यावर आपटलं तर तुकडे होतील. मोठी उघडली तर वेग एकदम पडेल. आकड्यावरूनच कळेल."

आकड्यावरून म्हटल्यावर मी पदर खोचला. जन्म गेला माझा आकड्यांत.

"सात. एकोणसाठ," उदय. "सहा. अठ्ठावन्न."

खोलीत कोणाची बांगडी वाजेना.

"साडेपाच. सत्तावन्न. पाच. सत्तावन्न."

पाच! पाचला कळ बसायची. मी शर्वरीकडे पाहिलं. ती पाटाकडे बघत होती, आणि ओठ पांढरेफटक.

"चार पॉइंट नऊ. सत्तावन्न," उदयचा आवाज खाली गेला. "चार पॉइंट आठ... सत्तावन्न, मॅडम."

मी मनात भागाकार केला. दीड मिनिटही नाही, आणि समुद्र. दीड मिनिटाने माझं घर रिकामं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला न्यू जर्सीचा विमानतळच दिसला, मी कधी न पाहिलेला. आणि दुसऱ्याच क्षणी शर्वरीचा हात माझ्या हातात आला, हलव्याने चिकट झालेला, गार पडलेला, आणि मी विमानतळ विसरले. म्हटलं, मारुतीराया, पोरं कुठेही जाऊ देत, पण हिचं हे खरं होऊ दे.

"चार पॉइंट सात," उदय म्हणाला. "छत्तीस."

"काय?" मी ओरडले. "किती? परत सांग!"

"छत्तीस... एकवीस... चौदा..."

"अगं कमी झाला!" मी उभीच राहिले. "सत्तावन्नातून चौदा वजा करा, बायांनो! उघडली! उघडली!"

"बारा!" उदय रडत होता. "बारा, मॅडम! बारावर स्थिर! डबी चालली! वेगाचा आकडाच उशिरा येत होता, डबी पाचलाच चालली!"

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मालतीबाई रमादेवींच्या गळ्यात. माझ्या शाळेतल्या बाई, ज्या कधी दात दाखवत नाहीत, त्या पिशवी झेंड्यासारखी फडकवतायत. हे शर्वरीला "शाब्बास, शाब्बास" म्हणतायत आणि चष्मा पुसतायत. अत्तरदाणी पालथी झाली. सगळ्यांचे पाय कुंकवात. शर्वरी उभी होती मध्यभागी, नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, गळ्यात हाराचा नुसता दोरा. थोड्या वेळाने पुन्हा उदय बोलला. गंगाळ पाण्यावर तरंगतंय, बोटीवरच्यांना लांबून केशरी छत्री दिसली. पुन्हा ओरडा. इतका, की खालच्या दुकानातला माणूस वर विचारायला आला, क्या हुआ अम्मा, मॅच जीत गए क्या?

"हौ!" मी म्हटलं. "जीत गए!" आणि त्याच्या हातावर चार वड्या ठेवल्या.

बायका पांगल्या तेव्हा दिवे लागले होते. शर्वरी नि मी फडकी घेऊन फरशी पुसायला बसलो. कुंकू काही लवकर निघत नाही. निखिल आला तो दारातच थांबला. त्याला फोनवर सगळं कळलं होतं. तो सरळ तिच्यापाशी आला, खाली बसला, आणि तिचे लाल हात हातात घेतले.

माझ्याच्याने राहवेना. "हे बघ," मी म्हटलं, "संध्याकाळ झाली. त्या अमेरिकावाल्यांना आज कळवायचंय ना? मग कळव. आता तरी कळव."

"कळवलं," तो म्हणाला.

"कधी?" शर्वरीने मान वर केली.

"सकाळी. ऑफिसला गेल्या गेल्या. तेवढ्यासाठीच गेलो होतो."

"सकाळी?" ती म्हणाली. "सकाळी तर घड्याळ बंद पडलं होतं. सगळ्यांनी आशा सोडली होती."

"म्हणूनच. आता संध्याकाळी उतरल्यावर नाही म्हटलं असतं, तर तुला वाटलं असतं की गंगाळामुळे राहिलो."

"आणि नसती उघडली तर?"

"तर दुसरी शिवली असतीस," निखिल म्हणाला. "उदयच्या शेडला कुलूप लागलं असतं तर आपल्या गच्चीवर शिवली असतीस. न्यू जर्सीत कोण देणार होतं तुला शिवायला?"

शर्वरीने त्याच्या शर्टात तोंड खुपसलं. पांढरा शर्ट, सगळा कुंकवाचा झाला.

आणि मी? माझं डोकंच फिरलं. "अरे गाढवा!" मी म्हटलं. "सकाळी नाही म्हणून बसलास, आणि मला सांगायला तुझं तोंड दुखत होतं? दिवसभर माझा जीव खालीवर! त्या उदयचा एकेक आकडा काळजावर घेतला मी! विमानतळापर्यंत जाऊन आले मनाने!" आणि त्याच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की हे बाहेरून काय झालं म्हणून धावत आले.

"आई, अगं, लागलं," निखिल म्हणाला.

"लागू दे," मी म्हटलं. दुसरा धपाटा घालायला हात उचलला, तो त्याच्या पाठीवरच राहिला. मग मी तिथेच, ओल्या फरशीवर, त्या दोघांना धरून मोठ्याने रडले.